चकलीचे अंत्यसंस्कार

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी एका सापाला मृत घोषित केलं.

मी साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. समोरचा माणूस झोपलाय, बेशुद्ध आहे की गेलाय, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. तरीही हे घडलं.

साप मीच घरात आणला होता. ऑक्टोबरअखेरीस बागेतला कंपोस्टचा ढीग उपसताना फावड्याच्या टोकाशी पेन्सिलीएवढं एक पिल्लू वेटोळं करून बसलेलं दिसलं. मानेवर पिवळी पट्टी. इथला साधा बिनविषारी गवत्या साप. त्याला तिथेच सोडून फावडं बाजूला ठेवायला हवं होतं. पण शेजारी माझी दहा वर्षांची मुलगी सई उभी होती, आणि मुलीसमोर शूर दिसायची संधी मला वर्षातून एखाद्या वेळीच मिळते. मी तो हातात उचलला. सईने वेटोळं पाहून तिथल्या तिथे त्याचं नाव 'चकली' ठेवलं. झालं, चकली घरात आली.

माझी बायको मंजिरी हिने एकच अट घातली. आठवड्याभरात तिची आई नाशिकहून येणार होती, त्यांना यातलं काही कळता कामा नये. आम्ही तिघांनी शपथ घेतली.

थंडी वाढली तशी चकलीने खाणं सोडलं. मी आणलेल्या चिमुकल्या माशांकडे ती बघेना, हलेनाही फारशी. माझं निदान तयार होतं: रुग्णाला थंडी बाधली आहे, ऊब द्या. मंजिरीने परस्पर सापांची काळजी घेणाऱ्या एका बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ऊब अजिबात देऊ नका; हे साप हिवाळाभर थंडीतच झोपतात, कडाक्याची थंडी पडायच्या आत जिथून उचललं तिथे नेऊन ठेवा. मी मंजिरीला समजावलं की त्या बाईंनी पेशंट पाहिलेला नाही. (हे वाक्य मी हॉस्पिटलातही वापरतो. तिथे ते चालतं.) आणि भोकं पाडलेला चकलीचा डबा मी वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमध्ये नेऊन ठेवला.

सासूबाई आल्या. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, चहा घेताना त्यांनी सईला विचारलं की दिवाळीचं काही उरलंय का. सईने शपथ मोडली नाही. ती फक्त खरं बोलली. म्हणाली, "चकली आहे, आजी. वर टॉवेलच्या कपाटात, डब्यात."

सासूबाईंना यात काही वावगं वाटलं नाही. या दमट देशात चकली कुरकुरीत ठेवायची तर उबेलाच ठेवायला हवी, जावयाला डोकं आहे, असंच त्यांना वाटलं म्हणे. त्या वर गेल्या. चष्मा खाली चहापाशीच राहिला होता. त्यांनी डबा उघडून आत हात घातला, आणि मग डबा घेऊन शांतपणे खाली आल्या.

"डॉक्टर," त्या मला म्हणाल्या, "ही चकली मऊ पडलीय. वासही खवट येतोय."

मग त्यांनी चष्मा लावला. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिल्या.

वास खवट नव्हता, भयंकर होता. चकली पाठीवर पडली होती, तोंड उघडं, जीभ बाहेर लोंबत होती. मी तिला सरळ केलं. ती पुन्हा उलटी झाली. मी पुन्हा सरळ केलं, ती पुन्हा उलटी. "मृत्यूनंतर स्नायू असे आखडतात," मी सगळ्यांना सांगितलं, घड्याळात पाहिलं आणि वेळ जाहीर केली. दहा वाजून वीस मिनिटं!

सासूबाई म्हणाल्या, माझा हात लागला आणि जीव गेला. सई मात्र माझ्याकडे बघत होती. "आजीने नाही," ती म्हणाली. "बाबा, तू गरम करून तिला मारलंस."

ती बरोबर बोलत होती. त्या जिवाला मी त्याच्या घरातून उचललं होतं, कारण मला मिरवायचं होतं.

पावसाची भुरभुर चालू असताना आम्ही चौघं कंपोस्टपाशी जमलो. बुटांच्या खोक्यात, माझ्या चांगल्यातल्या रुमालावर चकली. सासूबाईंनी पाणी सोडलं. तुळस नव्हती म्हणून पुदिन्याचं पान ठेवलं. मी खड्डा खणला आणि दोन शब्द बोलायला उभा राहिलो. चूक माझी होती, असं मी म्हणालो. ज्यांना कळत होतं त्यांचं मी ऐकलं नाही. डोळे मिटून मी चकलीची क्षमा मागू लागलो.

"बाबा," सई म्हणाली, "बॉडी चालला."

"चालली," मी सवयीने दुरुस्त केलं. तिच्या मराठीतलं लिंग मी कुठल्याही प्रसंगी सुधारतो.

मग डोळे उघडले. पिवळी पट्टी खोक्याच्या काठावरून उतरून, पुदिन्याला वळसा घालून, सरळ कंपोस्टच्या ढिगाकडे निघाली होती. एका फटीत डोकं घातलं, मागोमाग शेपूट गेलं, आणि संपलं. सई तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होती. मग तिने मला मिठी मारली. मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. सासूबाईंनी ढिगाला नमस्कार केला.

मंजिरीने त्या बाईंना पुन्हा फोन केला. कळलं ते असं, की हात लागला की हे साप घाण वास सोडून मेल्याचं सोंग घेतात. सरळ केलं तर मुद्दाम पुन्हा उलटे होतात. मी वेळ जाहीर केल्याचं ऐकल्यावर बाई इतका वेळ हसत होत्या की मला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. दंव आत उतरू नये म्हणून मी ढिगावर जुन्या गालिच्याचा तुकडा पसरून आलो, या वेळी बाईंना विचारून.

सोमवारी सईने शाळेत सगळं सविस्तर सांगितलं. महिन्याभराने शाळेच्या विज्ञान सप्ताहाचं आमंत्रण आलं: आपलं शरीर कसं चालतं, यावर एका पालकाने मुलांशी बोलावं. आमंत्रण मंजिरीच्या नावाने होतं.

मंजिरी कौन्सिलच्या पार्किंग विभागात काम करते.