टमरेलांचा आलेख

सगळ्या चाळीसमोर गिरणीच्या लेबर साहेबांनी छडी माझ्या नावावर टेकवली आणि विचारलं, "या बाई कोण?"

मी पुढच्याच रांगेत होते. ठेवणीतलं इरकल नेसून, हातात साहेबांच्या ओवाळणीचं ताट घेऊन! (असल्या वेळी ताट खाली ठेवायचं की ओवाळून टाकायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी धरून राहिले.)

"या आमच्या मंडळी," हे म्हणाले. अभिमानानं म्हणाले!

साहेब माझ्याकडं वळले. त्यांनी आवाज हळू केला. पण गिरणीतल्या माणसाचा हळू आवाज तो, शेवटच्या खोलीपर्यंत गेला.

"बाई, पोटाचा विकार कधीपासून आहे?"

मागं भिंतीवर साहेबांना दाखवायला आलेख लावला होता. चाळीतल्या प्रत्येक घराची एकेक रेघ, वीतभर उंचीची. माझी रेघ मात्र कागदाचं डोकं फोडून वर गेली होती. ती मावावी म्हणून यांनी गिरणीतली खळ लावून वर दुसरा कागद चिकटवला होता. आणि तो आलेख होता आमच्या चाळीच्या संडासाचा! कोण आत किती वेळ बसतं, त्याचा.

हा सगळा उद्योग आमच्या यांचा. हे सोलापुरात गिरणीच्या साचेखात्यात जॉबर होते, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम. त्या वर्षी गिरणीनं बाहेरून एक मास्तर आणला आणि जॉबर लोकांना शिकवलं, की कुठल्या साच्यावर धागा किती वेळा तुटतो ते मोजा, त्याच्या रेघा काढा, आणि ज्याची रेघ उंच तो साचा आधी दुरुस्त करा. झालं! माझ्यासारखाच चौथी शिकलेला माणूस, पण त्या दिवसापासून यांना मोजल्याशिवाय घास गिळेना. आधी त्यांनी माझी भाकरी फुगायला किती वेळ लागतो ते मोजलं.

"कालच्यापेक्षा आज उशीर लागतोय," घड्याळ धरून म्हणाले.

"काल कुणी डोसक्यावर उबं न्हवतं," मी उलथनं उचलून म्हणाले.

मग ते बाहेर गेले आणि त्यांना संडास दिसले.

चाळ मोठी, बिऱ्हाडं भरपूर आणि संडास चार. त्यातल्या एकाला दार नव्हतं आणि एकात कुणीतरी सरपण भरून ठेवलं होतं. पुरुषमाणसं कुठंही गेली तरी चालायचं. बायकांचं काय? उजाडायच्या आत नंबर लागला नाही, तर अंधार पडेपर्यंत पोट आवळून बसायचं. नवे संडास मागितले की गिरणीचे लेबर साहेब दर वर्षी "बघू" म्हणायचे. या वर्षी मात्र म्हणाले, "पुरावा आणा. गर्दी आहे असं कागदावर दाखवा, दोन नवे बांधून देतो."

"मोजा की मग!" असं यांना मीच म्हणाले. आता काय बोलणार!

आमच्याकडं संडासाची रांग माणसांची नसायची, टमरेलांची असायची. पहाटे आपलं टमरेल रांगेत ठेवायचं, घरी येऊन चूल पेटवायची, मधूनमधून जाऊन ते पुढं सरकवायचं. यांनी सगळ्यांच्या टमरेलांवर लाल रंगानं नंबर घातले. कुठला नंबर कुणाचा ते लिहून घेतलं. मग लिंबाच्या पारावर गजराचं घड्याळ घेऊन बसले. पण बायका टमरेल घेऊन निघाल्या की त्यांच्या तोंडाकडं कसं बघायचं? शोभतं का ते जॉबराला? म्हणून हे मान खाली घालून बसायचे. दिसायचं ते फक्त टमरेल. नऊ नंबर आत गेला, लिहिलं. नऊ नंबर बाहेर आला, लिहिलं.

नऊ नंबर माझा.

आणि माझं टमरेल चाळीत सगळ्यात चांगलं! वनस्पती तुपाचा नवा डबा, अमीनभाई पत्रेवाल्याकडून कान लावून घेतलेला, थेंबभर गळायचा नाही. बाकीच्यांची टमरेलं संडासापर्यंत जाईतो अर्धी रिकामी व्हायची. त्यामुळं माझं टमरेल मी परत आणलं, की दारात कुणीतरी उभंच. "इंदूवैनी, जरा देता का?" कुणाला नाही म्हणायचं? अर्धी चाळ माझ्या टमरेलावर जायची आणि सगळी माझ्या नावावर चढायची!

हे सगळं माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं ते ताट धरून उभी असताना.

"साहेब, ह्यो नंबर माजा हाय, पर माणसं येगळी हायेत!" मी ओरडले. "माजं टमरेल समद्या बायका नेत्यात. ही नागव्वा तर रोज नेती. सांग की गं!"

नागव्वा आमच्या मागच्या खोलीतली, अक्कलकोटकडची. माझी जिवाभावाची मैत्रीण. तिनं पदर सावरला, साहेबांकडं बघितलं, तिथं उभ्या असलेल्या आपल्या सासऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अय्यो, मी कशाला नेऊ? आमचं आमच्याजवळ हाय की!"

होतं. त्याला तळ नव्हता, एवढंच!

बाकीच्या बायका लिंबावरचे कावळे बघत होत्या.

साहेबांनी छडी काखेत मारली. "जॉबर, काम उत्तम केलंत. चित्र स्पष्ट आहे. संडास पुरेसे आहेत, अडथळा एकाच ठिकाणी आहे. एक साचा बिघडला म्हणून आपण नवी गिरणी बांधतो का? तो साचा दुरुस्त करतो. बाईंना उद्या गिरणीच्या दवाखान्यात न्या."

म्हणजे नवे संडास गेले, आणि वर बिघडलेला साचा मी! त्या संध्याकाळी चाळीतल्या झाडून सगळ्या बायका माझ्यावर रुसल्या. (ज्यांनी टमरेल नेलं होतं त्या जास्त.)

घरी आल्यावर मी यांना धरलं. "अवो, आपली बायको इतका येळ आत बसती का न्हाय, हे तुमाला ठावं न्हाय?"

"मलाबी नवल वाटलं."

"मग इचारायचं न्हाय का मला?"

"कसं इचारायचं? म्हनलं, लई तरास होत आसंल बिचारीला." आणि वर म्हणतात, "पर आकडं खोटं बोलत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनं एरंडेलाची बाटली दिली. ती बाटली तशीच घेऊन मी साहेबांच्या हापिसात गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, कागदावर कशाला बघता? सकाळी सवता येऊन बसा. मी किती बसते आन गर्दी किती हाय, डोळ्यानं बघा."

साहेब शिकलेले होते, त्यामुळं त्यांना ते पटलं.

पहाटे साहेब आले. गिरणीतलं, दाबलं की चालणारं आणि दाबलं की थांबणारं घड्याळ गळ्यात, हातात वही. पाराजवळ खुर्ची टाकून दिली, शेजारी आमचे हे. आणि काय सांगू! एक माणूस संडासाकडं फिरकेना! हजेरी मांडणाऱ्या साहेबासमोर टमरेल घेऊन जायचं कुणी? बायका तर दाराबाहेरही येईनात. पुरुष टॉवेलाखाली टमरेल लपवून, भजनाला निघाल्यासारखे, चाळीभोवती नुसते घिरट्या घालत होते.

"पाहिलंत जॉबर?" साहेब म्हणाले. "गर्दी नाहीच."

आता साहेब दारी आलेत म्हटल्यावर चहा नको का द्यायला? पहिल्या खोलीतून आला. मग दुसरीतून. एकीचा घेतला आणि दुसरीचा नको म्हटला तर दुसरीचा अपमान. नागव्वानं तर बशीत ओतून समोर धरला. साहेब पीत गेले. उन्हं वर आली. गिरणीचा भोंगा झाला. पण कामावर जाणार कोण? सगळे पोट धरून भिंतीला टेकलेले! दुसरा भोंगा झाला, तरी माणूस हलला नाही. साहेबांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला. मग दुसरा पहिल्यावर. मग ताडकन उठून उभे राहिले.

"जॉबर... इथं... म्हणजे..."

"हितंच की, साहेब. मोकळंच हाय!"

साहेब निघाले, चार पावलांवर थांबले. पाणी? सगळ्या चाळीची टमरेलं टॉवेलाखाली, कुणी बाहेर काढेना. मीच गेले. भरून दिलं.

आणि आमच्या यांनी मान खाली घातली, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, "नंबर नऊ, आत"!

दाराची कडी लागली मात्र, सगळी चाळ फुटली! टॉवेल उडाले, टमरेलं आपटली, बायका पदर खोचून धावल्या. पंगतीला झाली नसेल एवढी रेटारेटी झाली. चालू संडास दोन, त्यातला एक साहेबांनी अडवलेला. त्यात आतली कडी गंजलेली. कुठं दणका मारला की ती सुटते ते आम्हाला माहीत होतं, साहेबांना कोण सांगणार? ते आतून धक्के मारतात आणि बाहेरून, आत कोण गेलंय ते न बघितलेला बाबूराव फिटर ओरडतो, "आरं कोन हाय रं त्यो? आटप की! काय मुक्काम टाकलाय काय?"

शेवटी दार उघडलं. साहेब बाहेर आले ते माझं टमरेल छातीशी धरून. समोर पारापासून फाटकापर्यंत रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण जागच्या जागी नाचत होता. बाबूराव फिटर तेवढा नाचायचा थांबला. त्याची गरज संपली होती.

त्या दिवशी साचेखात्यातले निम्मे साचे दुपारपर्यंत बंद राहिले. गिरणीच्या फाटकाजवळ फळ्यावर मालाची रेघ असायची, ती त्या दिवशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली. मोठ्या साहेबांनी लेबर साहेबांना बोलावून कारण विचारलं. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण महिन्याभरात विटा पडल्या आणि दोन नवे संडास उभे राहिले, बायकांचे, चांगल्या कड्या लावून. आमचे हे मरेपर्यंत सांगत राहिले, की ते सगळं त्यांच्या आलेखामुळं झालं.

आता हे नाहीत. साहेब गेले, बाबूराव गेला, गिरणी बंद पडली आणि चाळही पाडली. त्या सकाळच्या माणसांपैकी नागव्वा आणि मी, दोघीच जिवंत आहोत. नागव्वाला आता काहीच आठवत नाही, आणि मला दुसरं काही आठवत नाही.