एसी नसलेला मजला

"हे तिसरं काम काढून टाका," नाना म्हणाले. "यातून माझी वीज किती वाचेल?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"मग पैसे परत कधी फिटतील?"

"कधीच नाही."

नानांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांची काही चूक नव्हती. मी एनर्जी ऑडिटर आहे. इमारतीत वीज कुठे जाते ते मोजायचं आणि कुठे वाचेल ते सांगायचं, हा माझा धंदा. डॉक्टर रक्त तपासतो तशी मी मीटर तपासते, फरक एवढाच की माझं पथ्य पाळायची कुणावर सक्ती नाही. जळगाव-धुळ्यातली दुकानं, हॉटेलं, दवाखाने, मंगल कार्यालयं अशी कामं मी करते. सगळं ऐच्छिक. मालकाला पटलं तर तो करतो, नाहीतर चहा पाजून बोळवण करतो. आणि हीच बाई आता वीज न वाचणारं काम सुचवत होती.

नानांचं जळगावात तीन मजली कापडाचं दुकान. मला त्यांनी स्वतःहून बोलावलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. माझी पहिली दोन कामं त्यांना लगेच पटली. जुने एसी बदलून नवे इन्व्हर्टरचे घ्यायचे, आणि दर्शनी काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून दिवे एलईडीचे करायचे. तिसरं काम गच्चीवरचं होतं.

गच्चीवर पत्र्याचं शेड होतं. त्यात शिंपी बसत. साडीला फॉल-पिको, ब्लाउज, इस्त्री, सगळं तिथेच. पत्र्याला आतून जाड इन्सुलेशन आणि वरून पांढरा रंग द्यावा, असं मी सुचवलं होतं. पण शेडमध्ये एसी नव्हता. दोन पंखे, इस्त्र्या आणि शिलाई मशीनच्या मोटारी. थंड करायला जिथे वीज जातच नाही तिथे वाचणार काय? आमच्या धंद्यात या हिशेबाला पेबॅक म्हणतात. घातलेला पैसा विजेच्या बचतीतून किती दिवसांत फिटतो, ते. शेडचा पेबॅक निघत नव्हता.

"शिंपी वर्षानुवर्षं तिथेच बसतात," नाना म्हणाले. "जळगावचा उन्हाळा त्यांना काय नवा आहे?"

तिसरं काम राहिलं. मी वाद घातला, पण दुकान त्यांचं होतं.

खरा घोळ पहिल्या कामात झाला. एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. फेकणारी पेटी म्हणजे आउटडोअर. जुन्या पेट्या मागच्या भिंतीवर, अरुंद गल्लीत होत्या. गरम हवा तिथेच कोंडायची आणि एसी जास्त वीज खायचे. नव्या पेट्या गच्चीच्या उत्तर कडेला बसवायला मीच सांगितलं होतं. एसी बसवणाऱ्या ठेकेदाराने डोकं चालवलं. आउटडोअर सावलीत असला की वीज कमी लागते, हे खरंच आहे. गच्चीवर सावली एकच, शेडची. त्याने ओळीने सगळ्या पेट्या शेडच्या भिंतीला, खिडकीसमोर लावल्या.

एप्रिलमध्ये मी काम तपासायला गेले. खाली दुकानात स्वर्ग होता. गिऱ्हाईक बाहेर पडायला तयार नव्हतं. जिना चढून शेडचं दार उघडलं तर वाफेचा लोट तोंडावर आला. तिन्ही मजल्यांची उष्णता त्या खिडकीतून आत येत होती. तापमान मोजलं, आकडा पटेना म्हणून परत मोजलं.

हनीफ मास्टर कटिंग करत होते. साठीला आलेले, दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. ओलं उपरणं डोक्यावर.

"मॅडम, खाली बर्फ और उपर भट्टी," ते म्हणाले. "जिन्यात माणूस काचेच्या गिलासासारखा तडकेल एखाद दिवस."

मी तशीच खाली गेले. पेट्या हलवा, निदान खिडकी आणि पेट्या यांच्यामध्ये आडोसा घाला, असं नानांना सांगितलं. पेट्या हलवायच्या तर एसी दोन दिवस बंद ठेवावे लागणार होते, आणि लग्नसराई तोंडावर होती. "सीझन होऊ द्या," नाना म्हणाले. मग मी मास्टरना सांगितलं की दुपारचे काही तास काम बंद ठेवा. ते नुसते हसले.

त्यांचं हसणं का, ते समजायला आमच्याकडचा बस्ता माहीत पाहिजे. लग्नाचे कपडे घ्यायला आमच्याकडे एकटीदुकटी बाई येत नाही. सगळं घरदार, भाऊबंद, मामा-मावश्या गाडी करून सकाळी येतात, गादीवर बैठक मारतात आणि दिवसभर साड्या उलगडतात. संध्याकाळी परतताना फॉल लागलेली साडी आणि शिवलेला ब्लाउज गाठोड्यात पाहिजे. जो दुकानदार त्याच दिवशी देतो त्याच्याकडे पुढचा बस्ता येतो. म्हणजे दुपारी, ऊन ऐन डोक्यावर असताना, शेड सगळ्यात जास्त चालतं. आणि खाली गर्दी जितकी, तितके एसी जोरात आणि तितकी वर आग.

मे महिन्यात मी रीडिंग घ्यायला दुसऱ्या मजल्यावर होते. धरणगावकडचा एक बस्ता बसला होता. सगळं आजच हवं म्हणून नवरीची आई सेल्समनला अहिराणीत बजावत होती, "आमले बठ्ठं आजच पाहिजे भाऊ, परवा हळद शे." सेल्समन वर निरोप पाठवत होता.

दुपारी रफिक, दुसरा शिंपी, खाली आला. गादीच्या कडेला उभा राहिला, पाय लागू नयेत म्हणून चपला हातात. गिऱ्हाईकासमोर आवाज नको म्हणून सेल्समनच्या कानात काहीतरी बोलला. सेल्समनने मान डोलावली आणि साडी उलगडत राहिला. मी रफिकला बाजूला घेऊन विचारलं. मास्टर मघापासून असंबद्ध बोलत होते, म्हणाला, आणि आता बोलतच नाहीत.

आम्ही वर धावलो. मास्टर मशीनशेजारी पडले होते. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घाम यायचा थांबला होता. उष्माघातात तेच सगळ्यात वाईट. उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं. बस्त्याची मंडळी मुकाट सरकली आणि मास्टरना त्या पांढऱ्या गादीवर निजवलं. नवरीच्या आईने समोरच्या ढिगातली एक साडी ओढून बाटलीतल्या पाण्याने भिजवली. सेल्समन नकळत साडी वाचवायला पुढे झाला.

"साडीनं काय शे," ती म्हणाली. "पहिले माणूस वाचाले पाहिजे."

तिने ती साडी मास्टरांच्या अंगावर गुंडाळली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही सगळ्या बायका पुठ्ठ्यांनी वारा घालत होतो.

मास्टर वाचले. बरेच दिवस दवाखान्यात होते, खर्च नानांनी केला. पण उष्णता मेंदूपर्यंत गेली होती. घरी आले तेव्हा पाय ओढत चालत होते आणि दोन्ही हात थरथरत होते. शिंप्याचे हात गेल्यावर राहिलं काय?

मला वाटलं, आता तरी तिसरं काम होईल. नानांनी वेगळाच मार्ग काढला. शेडच पाडलं. आता शिंपी आपापल्या घरी शिवतात. मोटारसायकलवरून साड्या मोहल्ल्यात जातात, संध्याकाळी तयार होऊन येतात. बस्ता वेळेवर निघतो. दुकानात कुणाला चक्कर येत नाही. शेडमधल्या इस्त्र्या आणि मोटारी गेल्या, त्यामुळे मीटर आणखी खाली आलं. इमारतीला काटकसरीचं स्टार लेबल मिळालं, वीज जितकी कमी तितके स्टार जास्त, तेही ऐच्छिक. आकडे खरे होते, म्हणून सही मी केली. नानांनी पेढे दिले. मी ते गाडीत तसेच ठेवले आणि दिवसभर माझाच राग येत राहिला, त्यांचा नाही तितका.

तेव्हापासून मी नियम केलाय. मीटर नंतर पाहते. आधी विचारते की इथे एसी नसलेली माणसं कुठे बसतात. धुळ्यात एका हॉटेलवाल्याला लाँड्रीची खोली दाखवा म्हणाले. तिथे तर एसीच नाही, तो म्हणाला. त्याने मला पुन्हा बोलावलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मास्टरांच्या घरी गेले. एक खोली, वर पत्रा. त्यांची बायको मशीनवर ब्लाउज शिवत होती, नानांच्याच दुकानाचा. मास्टर समोर बसून तिला नुसतं सांगत होते, बाही कुठे कापायची ते. पंखा बंद होता, वाऱ्याने कापड उडतं म्हणून.

दुकानाच्या स्टारबद्दल त्यांनी ऐकलं होतं. "मॅडम," ते म्हणाले, "आमच्या घराला किती स्टार बसतील?"

वर एक बल्ब होता आणि तो बंद पंखा. मी मनातल्या मनात हिशेब केला.

"सगळे," मी म्हणाले.