जुन्या देवीसाठी एक कोपरा

आत्याने मला कमिटीकडे देवीसाठी कोपरा मागायला पाठवलं आणि मी ‘प्राणप्रतिष्ठा’ या शब्दाचा अर्थ सांगून आलो.

आत्याचं गाव पनवेलपासून लांब नाही. नव्हतं, म्हणायला हवं. ते विमानतळात गेलं. घरांना प्लॉट मिळाले, तसा देवीलाही मिळाला, आणि नव्या जागी संगमरवरी मूर्तीसाठी देऊळ उभं राहिलं. प्रश्न उरला जुन्या देवीचा. ती म्हणजे शेंदराची पुटं चढलेला, चांदीचे डोळे लावलेला गुडघाभर उंचीचा, न घडवलेला दगडी तांदळा. विधवा होऊन माहेरी आल्यापासून आत्याच त्याला आंघोळ घालायची. नव्या देवळात मूर्तीशेजारी त्यालाही जागा द्या, एवढंच तिचं मागणं. कमिटीत बायका बोलत नाहीत. म्हणून मला म्हणाली, तू शिकलेला हायस, तुजं ऐकतील.

ऐकलं. तेच वाईट झालं.

सभेत अध्यक्षांनी मला सहज विचारलं, की पत्रिकेत ‘स्थापना’ छापायची का ‘प्राणप्रतिष्ठा’. बसूनही सांगता आलं असतं, पण मी उभा राहिलो. म्हणालो, स्थापना काय, पतपेढीचीही होते. लोक हसले, आणि लोक हसले की मी सुटतो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती हा मूर्तिकाराचा माल, मंत्रांनी तिच्यात प्राण आला की ती देवी, वगैरे. मागून कुणीतरी विचारलं, मग जुन्या देवीचं काय? इथे ‘तिला शेजारी बसवा’ म्हणून खाली बसायचं होतं. पण व्याख्यान रंगात आलेलं. मी सांगितलं, जुनीतलं देवत्व कलशातल्या पाण्यात उतरवतात, तेच नव्या मूर्तीत जातं. मागे उरतो तो दगड.

टाळ्या पडल्या. चहा आला, तेव्हा मला कोपरा आठवला आणि मी तो मागितला.

अध्यक्ष अगदी नम्रपणे म्हणाले, “भाऊ, आता तुमीच सांगितलंत ना, दगड उरतो. मग दगड गाभाऱ्यात कशाला?”

मी चहा संपवून निघालो.

प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी विधी करून तांदळा खाडीत सोडला. त्या सकाळीही आत्याने त्याला आंघोळ घातली, पदराने पुसलं, असं ऐकलं. मी तेव्हा पनवेलच्या बाजारात नव्या मूर्तीसाठी हार घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव दर्शनाच्या रांगेत, आणि आत्या मांडवाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिची समजूत घालावी म्हणून मी जवळ जाऊन पुन्हा सुरू केलं, की आत्या, देवी तीच आहे, प्राण तोच आहे, फक्त त्या दगडातून इकडे आलाय.

“तिच्यात कुनी कवा जीव घातला व्हता?” ती म्हणाली. “ती व्हतीच.”

हे ऐकलं आणि मला उमगलं. अशा देवतेला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, आणि तिला कुणी खाडीत सोडत नाही. त्यासाठी शब्द आहे, तो मला ठाऊक होता, आणि सभेतल्या एवढ्या बडबडीत तेवढा एकच माझ्या तोंडी आला नव्हता. तिथे तो बोललो असतो तर कोपरा काय, गाभारा मिळाला असता. आता बोलून उपयोग नव्हता. तरी बोललो.

“आत्या, त्याला स्वयंभू म्हणतात.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पंगत बसत होती तिकडे.

“जा, जेवून घे,” ती म्हणाली. “तुज्या तोंडाचा तेवडाच उपयोग हाय.”