आत्याबाई लिहायला लागल्या

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंइतकं चारचौघांत नको ते बोलणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. आखाडा बाळापुरात आमची घरं समोरासमोर. सकाळी मी शाळेत शिकवायला निघाले की या ओट्यावरून ओरडणार, "सुनबाई, पोट साफ झालं का?" भाजीवालेसुद्धा माझ्या उत्तराची वाट बघतात. बँकेच्या साहेबाला त्यांनी मूळव्याधीवर सुरण सुचवलं, तेही तो बिचारा चकार शब्द बोललेला नसताना, नुसतं त्याचं बसणं पाहून!

साठी उलटल्यावर या बाई लिहायला लागल्या. त्याला कारण त्यांचं ऑपरेशन. कित्येक वर्षं त्यांना अंग बाहेर येण्याचा त्रास होता. साऱ्या गावाच्या पोटाची चौकशी करणाऱ्या बाईनं हे दुखणं मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं. शेवटी लघवी अडली तेव्हा नांदेडला नेलं, गर्भाची पिशवी काढली. जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "पेन तर हलकाच हाय ना," म्हणाल्या, आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. शुद्धलेखन तपासायला मलाच द्यायचं आणि तपासलं की माझ्याशीच भांडायचं. मी 'नाही' केलं की त्या पुन्हा 'न्हाई' करणार. "काहून खोडून राहिली तू? म्या जल्मात कधी 'नाही' म्हणले का?"

हिंगोलीला ज्येष्ठ महिलांचा लेखन मेळावा होता, विषय 'माझे सण'. मी मागे लागून नागपंचमीवर एक पान लिहून घेतलं, चांगलं पातळ नेसवलं, एसटीत वाटभर बजावत गेले. बाईंनी व्यासपीठावर चढून ते पान कमरेला खोचलं आणि सुरू केलं, "पंचमीला मी झोका खेळत नव्हते. माझं अंग बाहेर यायचं." प्रमुख पाहुणे पाण्याचा ग्लास शोधू लागले. मी खुर्चीत खाली खाली सरकत होते आणि आत्याबाई अंग सावरायला फडकं बांधून वेचलेल्या हळदीपर्यंत सगळं सांगत होत्या. "सांगावं कोनाला? नवऱ्याची लाज, सुनंची लाज, अन् डॉक्टर गडीमानूस!"

बाहेर आल्यावर मी तोंड उघडणार, तोच हट्टा गावच्या एका म्हातारीनं त्यांचा हात धरला. हळूच विचारलं, "बाई, माझं बी तसंच हाय. बरं व्हतंय का?"

"व्हतंय की! बुधवारी नांदेडला चल माझ्यासंगं."

तेव्हापासून कुणी ना कुणी बाई दवाखान्यासाठी येतेच. मुक्काम माझ्या घरी, कारण "तुझ्याकडं कमोड हाय." स्वयंपाक मी करायचा, आत्याबाई शेजारी बसून पाहुणीची कहाणी लिहिणार.

परवा मी वैतागून भांडी आपटली. "आत्याबाई, पुरे झालं आता!" आणि काय झालं कोण जाणे, मी आईचं सांगत बसले. भरलेली पाटी उचलायच्या आधी ती क्षणभर थांबायची, मांड्या आवळायची, मग श्वास धरून उचलायची. आम्हा भावंडांना वाटायचं, आईची ती लकबच आहे. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

आत्याबाईंनी पेन खाली ठेवला. आता काहीतरी भलतंच बोलतील म्हणून मी वाट पाहिली. पण म्हणाल्या, "तिनं कोनाला तरी सांगाया पायजे व्हतं गं."

"सांगायला होतं कोण, आत्याबाई?"

त्या नुसता माझा हात धरून बसून राहिल्या.