टेपचं दुसरं टोक

शेजारच्या टँटी इस्मेच्या, म्हणजे गल्लीच्या इस्मेमावशीच्या, बैठकीच्या खोलीतला पडदा मी दांड्यासकट खाली आणला. नुसता आणला असता तर एक वेळ चाललं असतं. मी त्याला लटकून आलो. स्टुलावर चढून खिडकीचं माप घेत होतो, तोल गेला, आणि बुडत्याला काडीचा तसा मला पडद्याचा आधार वाटला. वर्षभर ऊन खाऊन विरलेलं कापड टर्रकन फाटलं, दांडा भिंतीचा गिलावा घेऊन निघाला आणि मी त्या सगळ्यात गुंडाळला जाऊन जमिनीवर बसलो.

"लागलं का रे, किसून?" टँटीनं विचारलं.

"नाही, टँटी."

"मग ऊठ. आत्ताच पुसलीय जमीन."

एवढ्यात समोरच्या ओट्यावरून वर्लिनबाईंचा आवाज आला. "अगं इस्मे! घर विकलंस की काय?"

वर्लिनबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या त्रिनिदादच्या अरिमा गावात नाताळचे नवे पडदे चोवीस तारखेच्या संध्याकाळी चढतात, आणि ते शिवून घडी घालून तयार होईपर्यंत जुना पडदा, मग तो कितीही कळकट असो, कुणी उतरवत नाही. त्याआधी खिडकी उघडी पडली तर त्या घरात कुणी वारलं तरी असणार, नाहीतर कुणी घर सोडून जाणार तरी असणार.

"विकलं नाही गं!" टँटी खिडकीतून ओरडली. "किसूननं पाडलंय!"

"त्याला सांग, स्वतःच्या घरचे पडदे पाड म्हणावं!"

स्वतःच्या घरचे पाडायची माझी हिंमत नव्हती. माझी बायको रुक्मिन दिवाळीला दारात दिवे मांडते आणि ते विझायच्या आत नाताळच्या कापडाचा विषय काढते. आमच्या घरात भिंतीवर लक्ष्मी आणि खिडकीत येशूच्या सणाचे पडदे. त्रिनिदादमध्ये याचं कुणालाच नवल वाटत नाही. नवल वाटतं ते रंगाचं. कुणाचा रंग कोणता हे चोवीस तारखेपर्यंत गुपित असतं, आणि रुक्मिन कापडाची पिशवी अशी काखेत दडवून आणते की जणू बँक लुटून आली आहे.

टँटीकडे माप घ्यायला मी जायला लागलो तो तिच्या घरात दुसरं कुणी उरलं नाही तेव्हापासून. बाई शिवणात एक नंबर, पायाच्या मशीनवर सगळ्या घराचे पडदे शिवायची. पण रुंद खिडकी एकट्या माणसाला मोजता येत नाही. टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. आधी ते तिचे यजमान ऑल्बन धरायचे, ते वारल्यावर मुलगी जॅसिंथ. जॅसिंथ टोरँटोला गेली तशी टँटीनं कुंपणावरून मला हाक मारली, "तुझे हात रिकामे दिसतायत." तेव्हापासून दर डिसेंबरात एक दुपार माझी. माप घेणाऱ्याला कोरडं पाठवायचं नाही, म्हणून सॉरेलचं लालभडक सरबत आणि रममध्ये मुरलेला काळा केक. केकमुळे मापात थोडा फरक पडायचा, पण चुण्यांत तो खपून जायचा.

आता पडलेला दांडा निदान परत ठोकून द्यावा म्हणून मी हातोडी मागितली. टँटी स्वयंपाकघरात गेली. फाटकं कापड कुठे ठेवावं म्हणून मी आरामखुर्चीवरची उशी बाजूला केली, तर उशीखाली चकचकीत कागदात बांधलेले तयार पडदे. फिकट सोनेरी, नवे कोरे.

"हे काय, टँटी?"

हातोडी घेऊन ती दारातच थांबली. "जॅसिंथनं पाठवलेत. पिंपातून, तांदळाच्या पिशव्यांबरोबर. म्हणाली, ममा, आता मोजमाप नको, शिवण नको. नुसते अडकव."

"मग झालंच की काम!"

"कॅनडातल्या खिडक्यांचे आहेत ते," टँटी म्हणाली. "इथे कसे बसतील?"

"येणार आहे का ती यंदा?"

"पिंप आलं ना," टँटी म्हणाली आणि हातोडी माझ्या हातात दिली. परदेशातून सामानाचं पिंप येतं त्या नाताळला माणूस येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.

मी दांडा ठोकला. खाली येण्याचा अनुभव ताजा होता, त्यामुळे चांगला घट्ट ठोकला. मग पडदे बघायचे तर लावूनच बघू, म्हणून ती नको नको म्हणेपर्यंत ते दांड्यात ओवले. समोर वर्लिनबाई मान लांब करून बघत होत्या. यंदाचा एक रंग त्यांना आयताच फुकटात कळला. पडदे सरकवले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर. खालची कड जमिनीला टेकत होती, लोळत नव्हती. जॅसिंथनं ही खिडकी लहानपणी टेप धरून इतक्या वेळा मोजली होती, तिला माप विचारायची गरजच नव्हती.

टँटीनं एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं. खाली वाकून कडेवरून हात फिरवला.

"वीतभर आखूड आहेत," ती म्हणाली.

मी कडेकडे पाहिलं. मग टँटीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मेजावर सरबताचे दोन पेले भरून ठेवलेले होते, केक कापलेला होता, आणि मशीनवरचं झाकण काढून तेल घातलेलं होतं. त्या घरात तेवढा एकच कोपरा कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसत होता.

"हो," मी म्हणालो. "आखूडच वाटतायत जरा."

"वाटतायत काय? आहेत! काढ ते. आणि माप नीट घे या खेपेला. लटकू नकोस."

पडदे काढून घडी केली. टँटीनं टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. खिडकी गेल्या वर्षी होती तेवढीच भरली. टँटीनं आकडा दोनदा मोठ्यानं म्हटला, वाढली की काय असा चेहरा केला आणि म्हणाली, "आता आतल्या खोल्या." आतल्या खोल्यांत कुणी झोपत नाही. आम्ही त्याही मोजल्या. जॅसिंथच्या खोलीत पलंगावर चादर ताणून घातलेली होती, उशीला सुरकुती नव्हती.

केक खाऊन झाला, दुसरा पेलाही झाला. उन्हं फाटकाबाहेर गेली. निघताना माझ्या मनात काय आलं कोण जाणे, पायरीवर उभं राहून म्हणालो, "टँटी, पडद्यांचं राहू दे. मी एरवीसुद्धा येत जाईन. रविवारी, असाच, नुसता बसायला."

टँटीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नुसतं बसायला लोक आजाऱ्याकडे जातात रे, मला काय झालंय?"