उज्वलाकाकूंची तांबी

उज्वलाकाकूंना मुतखड्याच्या डॉक्टरकडे नेण्याची अक्कल हे लिहिणाऱ्या पुतण्याची, म्हणजे दीपकची. ओटीपोटातलं दुखणं पुतण्याला कुठल्या तोंडानं सांगणार? काकू "पोटात, खाली," एवढंच म्हणाल्या. बारावी सायन्सच्या जोरावर दीपकने मुतखड्याचं निदान ठोकलं आणि आठवडाभर त्यांना पानफुटीची पानं चघळायला लावली. ताप चढतच गेला, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

काकू बाजारोबाजारी बांगड्या भरतात. आज सायखेडा, उद्या पेठ, खांद्यावर गाठोडं. एका जागी बसल्या की त्यांना मुंग्या येतात. बायकांचे हात हातात घेऊन "अंगावर काढू नको गं, दाखव डॉक्टरला," सांगत हिंडायच्या आणि स्वतःचं घाण वासाचं अंगावरून जाणं उष्णतेवर ढकलायच्या.

मुतखड्याच्या डॉक्टरकडच्या सोनोग्राफीवाल्या मॅडमने पडद्याकडे बघत विचारलं, "मावशी, तांबी कधी बसवली?"

"कुठली तांबी?" म्हणता म्हणता काकूंना आठवलं. धाकटी लेक तृप्ती रांगत होती, तेव्हा आणखी पोर नको म्हणून सरकारी दवाखान्यात बसवली होती. आता तृप्तीचं पोर रांगतंय. "अहो, पाळी गेली. म्हटलं, तिचं काम संपलं. राहिली आत तर काय खातीय?"

"मुदत कधीच संपलीय तिची. गर्भनळीशी पू झालाय. मुतखडा-बितखडा काही नाही. बायकांच्या डॉक्टरकडे जा, आत्ताच्या आत्ता."

रिक्षात काकू लाजायचंच विसरल्या. "दीप्या, पिशवी काढतील का रे?"

थोरल्या जाऊबाईंची काढली होती. तेव्हापासून त्यांना कुणी घागर उचलू देत नाही, दारातल्या ओट्याच्या पुढं जाऊ देत नाही. काकूंचा जीव पिशवीत होता की गाठोड्यात, हे दीपकला अजून उमगलेलं नाही.

डॉक्टरांनी तांबी काढली. काळी पडलेली. "सलाईनमधून औषध सुरू करतोय. दोन-तीन दिवसांत ताप नाही उतरला, तर पोट उघडावं लागेल. मग पिशवी राहील असं सांगता येत नाही."

झालं! काकू सलाईनचा स्टँड ढकलत वॉर्डभर येरझाऱ्या घालू लागल्या. खिडकीशी जा, दाराशी ये, कपाळाला हात लाव.

"काकू, पडा ना जरा."

"पडून ताप उतरतो व्हय? तुझ्या पानफुटीनं उतरला का?"

दीपक पाणी आणायला गेला.

तिसऱ्या दिवशी थर्मामीटर बघून सिस्टर हसली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "उतरतोय ताप. गोळ्या मात्र शेवटपर्यंत घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. परत सोनोग्राफी करू. पिशवी असू दे तुमची तुम्हाला."

काकूंनी लगेच सिस्टरचं मनगट धरून चाचपलं. "सव्वादोनचं माप. डझनभर हिरव्या माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही." मग शेजारच्या खाटेकडे वळल्या. "तुझी तांबी कधीची गं? मुदत बघितलीस का?" त्या बाईने पदर तोंडावर ओढला. काकूंनी दीपकला बाहेर पिटाळलं.

गोळ्या संपल्या, दुसरी सोनोग्राफी चांगली आली आणि काकू पुन्हा पेठच्या बाजारात दिसू लागल्या. सिस्टरच्या बांगड्या अजून द्यायच्या आहेत. दीपकने दोनदा टोकलं.

"देणार रे," काकू म्हणतात. "आधी दवाखान्याकडं परत पाय तर वळू दे."