चढावरचा एसी

भाऊजींना जाऊन आता दीड महिना झाला. माझ्या ताईचे हे यजमान माझ्याशी शेवटचं जे बोलले, तेही गाडीबद्दलच. भर उन्हात, उमरेडला लग्नाच्या पंगतीतच त्यांच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब नागपूरला न्या म्हटलं, आणि गाडी चालवायला घरचा मी एकटाच... काटा चाळीसच्या पुढे गेला की देव आठवणारा!

गाडी त्यांचीच, जुनी, आठशे सीसीची. त्या एवढ्याशा इंजिनातून जास्तीची ताकद काढायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. दर रविवारी नागपुरात, सदर भागातल्या घरासमोर बॉनेट उघडून एअर फिल्टर झटकायचा, प्लग घासायचे, चाकांतली हवा तपासायची. वजन नको म्हणून डिक्कीतली छत्रीसुद्धा काढलेली. एकदा माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "बाबू, तू ऑटोनं ये गा. मंग पाह्य, गाडी कशी पळन!" मी म्हटलं, "मग विमानच घ्या ना, भाऊजी." "घेतलं असतं, पण त्याचा फिल्टर कोन झटकन? तू?"

त्या दिवशी ते मागे ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. चढावर पुढे कोळशाचा ट्रक. मी पाय पार तळाशी नेला, तरी गाडी सरकेना. मागून आवाज आला, "एसी काहून चालू ठेवला गा? बंद कर... मंग ओढते." मी केला. गाडीनं खरंच वेग घेतला, ट्रक मागे पडला, आणि मी मूर्खासारखा ओरडलो, "भाऊजी, पाह्यलं का!" एसी पुन्हा लावायचं मला सुचलं नाही. रामदासपेठेतला दवाखाना येईपर्यंत ताई पदरानं त्यांचा घाम पुसत राहिली.

तिसऱ्या दिवशी ते गेले. एसीनं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं. ताईला विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

परवा गाडी बघायला एक गिऱ्हाईक आलं. "काका, एसी चालतो ना?" मी आत बसलो, इंजिन सुरू केलं, बटण दाबलं. गार हवा लगेच तोंडावर आली. "बस काका, करा बंद," तो म्हणाला. हात काही केल्या उचलेना... तेवढ्यात मागचं दार उघडलं. ताई येऊन त्या दिवशीच्याच जागी बसली, पदर सावरला आणि म्हणाली,

"राहू दे बाबू. चालू राहू दे थोडा वेळ."